एका मिनिटाची फिल्म : रविवारच्या शूटिंगआधी वाचा

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ६ वाजता नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर जमायचं आहे. सहा म्हणजे सहा. साडेआठनंतर ऊन चढतं, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि सगळ्यांचं लक्ष तर्री-पोह्यांकडे लागतं.

स्पर्धेची मर्यादा ६० सेकंद, कलाकार-तंत्रज्ञांच्या नावांसकट. म्हणजे गोष्टीला जेमतेम पन्नासेक सेकंद उरतात. आलेल्या पटकथांपैकी निम्म्या तरी पाच मिनिटांच्या आहेत! नायकाच्या लहानपणापासून सुरुवात केली असेल तर ते पान सरळ फाडा. एक माणूस, एक अडचण, एक वळण, बस्स.

मोबाइल आडवाच धरा. फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) २५ आणि शटर (प्रत्येक चित्राला किती सेकंद उजेड मिळतो ते) १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. शटर १/६० वर राहिलं की ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. इतवारीतल्या दुकानातला आपला सीन असाच वाया गेला होता.

घरातला सीन असेल तर कूलर बंद. उकडेल, माहीत आहे. पण ती घरघर एडिटिंगमध्ये काढायला गेलं की संवादही खरवडून निघतो. शिवाय प्रत्येक जागेचा ३० सेकंद नुसता आवाज, कुणीही न बोलता, वेगळा रेकॉर्ड करा.

सिनेमाची गाणी वापरायची नाहीत. ड्रोन आणू नका. मेट्रो स्टेशनच्या आत परवानगीशिवाय शूटिंग नको.

पॉवर बँक, पाणी, दुपट्टा सोबत ठेवा. सुधारलेली पटकथा शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका, एका पानात.