मोफत महिन्याचे 5,532 रुपये

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
गोवा राज्य, पणजी

स. न. वि. वि.

मी सत्तरी तालुक्यातल्या एका गावात राहते, घरी शिवणकाम करते. काल मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता आणि संध्याकाळपासून आमच्या इंटरनेटच्या खोक्यावर लाल दिवा होता. काळोखातून स्कूटरने तिला वाळपईला नेले. झेरॉक्सवाल्याने शटर अर्धे ओढले होते. हात जोडले, तेव्हा त्याने अर्ज भरून दिला. घरी आल्यावर झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

गणेश चवथीच्या दोन दिवस आधी इंटरनेट कंपनीची पोरे वाड्यावर आली. चवथीची ऑफर, पहिला महिना मोफत, नको वाटले तर खोके परत द्या, असे म्हणाली. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळे अजून जमिनीवर पसरलेली, त्यांच्यामधूनच शिडी लावून भिंतीला भोक पाडले. "काकी, ओटीपी सांगा," म्हणाला एकजण. मी सांगितला. त्या ओटीपीला सही म्हणतात, हे मला नंतर कळले.

त्या दिवशी माझ्याकडून काय काय घेतले ते ऐका. महिना 499 प्रमाणे सहा महिने आगाऊ, 2,994. त्यावर 18 टक्के जीएसटी, 538 रुपये 92 पैसे. खोक्याची अनामत 1,500. तार ओढल्याचे 500. एकूण 5,532 रुपये 92 पैसे. आणि मोफत महिना? तो सातवा! सहा महिने भरा, मग मिळेल. त्यानंतर दर 799. हे सगळे 11 पानी इंग्रजी कागदात होते, माझ्या मुलीने शोधून काढले. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्यात मराठीला जागा आहे, पण माझे पैसे नेणाऱ्या कागदात ना मराठी, ना कोंकणी.

दहाव्या दिवशी बंद करा म्हटले. घ्यायला एक ओटीपी पुरला, सोडायला चार फोन, प्रत्येक वेळी वीस-वीस मिनिटे तेच संगीत. शेवटी मुलगी म्हणाली, आता रडू नकोस. ब्लाउजाची शिलाई 250 घेते मी. 22 ब्लाउज शिवले तरी या पैशांना 32 रुपये कमी पडतात, साहेब.

कायदा नाही म्हणू नका. केंद्राच्या 2022 च्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिले आहे की, वस्तू आणून देण्याचा अटळ खर्च सोडून गिऱ्हाइकाला काही मोजावे लागत असेल तर तिला मोफत म्हणता येत नाही. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्राने 13 फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली. किंमत मागाहून वाढवत नेणे तिच्यात आहे, वर्गणी सोडणे अवघड करून ठेवणेही आहे. मग ही पोरे अजून दारोदार कशी फिरतात?

आणि दूरसंचार हा केंद्राचा विषय, असे सांगून मला परत पाठवू नका. तार आली ती आपल्याच वीज खात्याच्या खांबांवरून. ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारी संस्था, एकेकट्याची तक्रार घेत नाही. ग्राहक आयोगात जा म्हणाल, तर 5,532 रुपयांसाठी मी किती दिवस मशीन बंद ठेवू?

2020 च्या टाळेबंदीत सत्तरी-सांगेतली मुले नेटवर्कसाठी डोंगरावर जाऊन बसत होती. तेव्हा सगळ्यांनी फोटो पाहिले, हळहळ झाली. त्यानंतर दाखला ऑनलाइन, शिष्यवृत्ती ऑनलाइन, योजनेचा अर्ज ऑनलाइन. सगळे ऑनलाइन केलेत तुम्ही, पण तिथपर्यंतची वाट कंपन्यांच्या एजंटांवर सोडून दिलीत. सरकारच इंटरनेट मागते, म्हणून आम्ही ते घेतो, आणि घेतो म्हणून लुबाडले जातो. मते मागायला मात्र प्रत्येक पक्षाला आमच्या वाड्याची वाट बरोबर सापडते.

खांब वापरू देताना कंपनीला अट घाला: पूर्ण रक्कम, करासकट, पहिल्याच पानावर, मराठीत आणि कोंकणीत. ओटीपी मागण्याआधी ते पान माणसाच्या हातात द्या. पहिल्या महिन्यात सोडले तर पैसे परत. आणि वाळपईला तालुक्याच्या कचेरीत आठवड्यातून एक दिवस अशा तक्रारी घेणारा माणूस बसवा. खोके आणि 11 पाने घेऊन पहिली मी येईन.

आपली,
सत्तरीतील एक शिवणकाम करणारी