झिरपलेल्या पखवाजाबद्दल आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

आमच्या भजनी मंडळाचा अभंग एकदाचा जुळला, म्हणून हे जाहीर पत्र. नाव घालू नका म्हणालात, घातलेलं नाही.

पखवाज, पेटी, झांज, गळा, सगळं ज्याच्या त्याच्या घरी रेकॉर्ड झालेलं. पेटीचं कोडं तुम्ही फोनवरच सोडवलंत. पेटी काळी चारची, ऐकू येत होती काळी तीन आणि पांढरी पाचच्या मधे कुठेतरी, शिवाय रेंगाळत. "फाइल 48 किलोहर्ट्झची, प्रोजेक्ट 44.1चा," तुम्ही लगेच म्हणालात. म्हणजे फाइलमध्ये सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने, आणि प्रोजेक्ट वाजवणार 44,100. सॉफ्टवेअरनं फाइल न बदलता तशीच उचलली होती, तेवढ्यानं जवळजवळ दीड पट्टी उतरली.

झांजेनं मात्र घाम काढला. सुरुवातीला पखवाजावर चपखल, आणि नवव्या मिनिटाला, ऐन लय चढलेली असताना, प्रत्येक ठोका फुटलेला. काकांचा हात मागे पडतोय असं इथे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. तुम्ही विचारलंत, "काकांनी ऐकलं कशावर आणि रेकॉर्ड केलं कशावर?" ऐकलं मोबाइलवर, रेकॉर्ड केलं वेगळ्या रेकॉर्डरवर. म्हणजे दोन यंत्रांची दोन घड्याळं. त्यांच्यात दहा लाखांत 50 भागांचा फरक असला तरी नऊ मिनिटांत 27 मिलिसेकंद साचतात, आणि झांजेसारख्या टोकदार आवाजात ते लपत नाहीत.

मग तुम्ही काकांच्या ट्रॅकमधली शांत जागा शोधून तिचा आवाज भरपूर वाढवलात. मागे बारीकसा पखवाज! हेडफोनमधून माइकमध्ये झिरपलेला. आम्ही तो कचरा समजून पुसायला निघालो होतो. काकांच्या कानावर नेमकं काय आणि कधी पडलं, याचा तो एकमेव पुरावा होता. सुरुवातीच्या उठावणीची थाप मूळ पखवाजाशी जुळवलीत, शेवटच्या तिहाईची थाप किती सरकली ते मोजलंत, आणि त्या प्रमाणात अख्खा ट्रॅक आवळलात. सुरात पडलेला फरक एका सेंटच्या, म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या शंभराव्या भागाच्या, दहाव्या भागाइतकाही नाही. ठोका न् ठोका कापून बसवला असता तर काकांची झांज मशीनसारखी वाजली असती, आणि ते काकांना पहिल्या आवर्तनात कळलं असतं.

गळा समेवर ओढून बसवायला तुम्ही साफ नकार दिलात, त्याचे आभार वेगळे. आमच्या बुवांची सम जरा मागून येते, ती सवयच आहे. मला तेव्हा पटलं नव्हतं, आता पटतंय.

काकांना सगळं सांगितलं. "मी म्हणतच होतो," एवढंच म्हणाले.

सगळे ट्रॅक सांगितल्याप्रमाणे गाण्याच्या शून्य सेकंदापासून, वेव्ह फाइलमध्ये पाठवतोय. चिपळ्या तेवढ्या राहिल्यात. त्या ब्लूटूथ हेडफोनवर ऐकून वाजवल्यात, आणि ब्लूटूथवर आवाज कानाशी उशिरा पोचतो, तेव्हा रविवारी फोन करतोच.