कलमं आणि कलम 15

देवगड
16 नोव्हेंबर 2025

प्रिय बाळ्या,

फोनवर विचारलं असतं तर पुढचं ऐकायच्या आधीच तू ‘हो’ म्हणाला असतास, म्हणून मुद्दाम लिहितोय. सगळं वाच आणि मग काय ते सांग. मला एक जामीनदार हवाय. घाबरू नको, पोलिसांचं काही नाही. आत्याच्या इस्टेटीसाठी ओरोसच्या जिल्हा न्यायालयात अर्ज केलाय, त्यासाठी हवाय.

आत्या मिरगाच्या चार दिवस आधी गेली, ते तुला ठाऊकच आहे. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. विषय काढला की म्हणायची, “मी मेल्यार बघा काय ता.” आता बघतोय. बँकेत ठेवींना नॉमिनी म्हणून बाबांचं नाव, आणि बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. बाबा असते तरी पैसे त्यांचे झाले नसते म्हणा. नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, मालक नव्हे. विम्याच्या पॉलिसीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने हे 1983 सालीच सांगून ठेवलंय, पण आपल्याकडे अजून सगळे नॉमिनीलाच वारस समजतात. मीही समजत होतो.

आधी मला वाटलं सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे उत्तराधिकाराचा दाखला, काढला की झालं. वकीलबाई म्हणाल्या, ते फक्त येणी आणि रोख्यांपुरतं, म्हणजे ठेवी, शेअर वगैरे. दागिने, घर आणि सड्यावरची आंब्याची 62 कलमं त्यात बसत नाहीत. शिवाय वारस दोन घरांतले. तेव्हा एकाच माणसाच्या हातात सगळी इस्टेट देऊन त्याच्याकडून हिशेब घ्यायचा असेल, तर 1925 च्या उत्तराधिकार कायद्याखाली लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे इस्टेटीची व्यवस्था बघायचं कोर्टाचं अधिकारपत्र, मागावं. तसा अर्ज टाकला. कोर्ट फी भरली, पेपरात जाहीर नोटीस आली, तारखाही दोन झाल्या. ते सांगत बसत नाही, एसटीच्या फेऱ्या आणि कॅन्टीनचा चहा याखेरीज त्यात काही नाही.

पण ‘वारस दोन घरांतले’ हे ऐकून माझ्यासारखा तूही चक्रावशील. आत्याचं लग्न 1966 साली झालं, दोन वर्षांत यजमान गेले, मूलबाळ नाही. माहेरी परत आली, शिकली, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाली आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिली. वेंगुर्ल्याच्या सासरचं माणूस सत्तावन्न वर्षांत आमच्या पायरीला शिवलं नाही. आता हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचं कलम 15 काय म्हणतं बघ. बाईला मूल नसेल, नवरा नसेल, तर तिची मालमत्ता नवऱ्याच्या वारसांना. अपवाद फक्त आईबापाकडून वारशाने आलेल्याचा, ते बापाच्या वारसांकडे परत. म्हणजे कलमं आमची, कारण आजोबा 1979 ला गेले तेव्हा सातबाऱ्यावर आत्याचं नाव लागलं आणि बाबांनी तिच्याकडून हक्कसोड घेतलं नाही. आणि तिच्या पगारातून साठलेले 17 लाख वेंगुर्ल्याच्या दोन पुतण्यांचे, ज्यांनी तिला कधी पाहिलंही नाही!

मी वकीलबाईंशी भांडलो. त्यांनी शांतपणे 2009 चा ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण हा निकाल समोर ठेवला. त्यातली बाई लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरच्यांनी हाकलून दिलेली, माहेरच्यांनी शिकवलेली. तिची कमाईही शेवटी नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना गेली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सहानुभूती वेगळी, कायदा वेगळा. तिने एका कोऱ्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर सही केली असती तर हे टळलं असतं, मृत्युपत्राला स्टॅम्पसुद्धा लागत नाही. आत्याने आयुष्यभर पोरांना निबंध लिहायला लावले आणि स्वतः या दहा ओळी लिहिल्या नाहीत. राग येतो रे तिचा.

आता मुख्य गोष्ट. कोर्टाला द्यायची यादी करायला तिची पत्र्याची ट्रंक खाटेखालून ओढली. मी आणि बायको, दोघंच घरात. वर दोन इरकली, त्याखाली आंब्याच्या पेट्यांच्या हिशेबाच्या वह्या आणि तळाला बिस्किटांचा डबा. डब्यात हजेरीपटाच्या कागदात गुंडाळलेल्या दोन पाटल्या. कागदावर तिच्या त्या टपोऱ्या अक्षरात, ‘बाबांनी घातलेल्या. लग्न. अडीच तोळे.’ नंतर सोनाराकडे 27 ग्रॅमच भरल्या, झिजलेल्या आहेत. मला वाटलं, बापाने दिलेल्या म्हणजे आमच्याकडे. पण तसं नाही. लग्नात घातलं ते दान, वारसा नव्हे. अपवाद वारशालाच आहे. पाटल्याही वेंगुर्ल्याला.

खोटं कशाला सांगू, डबा हातात घेऊन मी बराच वेळ तसाच बसलो होतो. कुणाला कळणार होतं? बायको म्हणाली, “यादीत घालताय ना?” तेव्हा घातल्या. ती त्या वेळी स्वयंपाकघरात असती तर काय झालं असतं, ते तुला शपथेवर सांगता येणार नाही. जामीन राहणाऱ्याला हे कळायला हवं म्हणून लिहिलं.

वेंगुर्ल्याच्या थोरल्या पुतण्याला भेटून आलो. माणूस वाईट नाही. ना हरकत लिहून देतो म्हणाला, पण जामीनदार आमच्या भावकीतला नको. त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. म्हणून तू.

तुझ्या डोक्यावर काय येईल ते नीट समजून घे. मी जिल्हा न्यायाधीशांना बंधपत्र लिहून देणार की इस्टेट गोळा करीन, देणी भागवीन, ज्याचं त्याला देईन. सहा महिन्यांत मालमत्तेची यादी, वर्षात हिशेब. कोर्टाच्या परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, पाच वर्षांवर भाड्यानेही देता येत नाही. यात मी गफलत केली, तर बंधपत्राच्या रकमेपर्यंत तुला भरावं लागेल. तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला लागेल असं वकीलबाई म्हणाल्या.

त्या पतपेढीच्या कर्जाला जामीन राहून तू काय भोगलंस ते मी जवळून पाहिलंय. वहिनींनी बांगड्या मोडल्या होत्या. तेव्हा आधी त्यांना हे पत्र वाचून दाखव, पाटल्यांचा भाग न गाळता. त्या नको म्हणाल्या तर विषय संपला. गावातले एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, त्यांना विचारीन.

थंडी पडायला लागलीय, मोहोर येईल. तुडतुड्याला कोर्टाची तारीख कळत नाही, म्हणून फवारणी माझ्याच पैशांनी सुरू केलीय. पावत्या बिस्किटांच्या त्याच डब्यात ठेवतो. पाटल्या बँकेत ठेवल्यात.

गुरुवारी तारीख आहे. सकाळच्या गाडीने कणकवलीला उतरेन, ओरोसची गाडी मिळेपर्यंत तासभर हातात असेल. दाखला द्यायचा असो नसो, स्टँडवर ये. तुझ्यासाठी कुळीथ आणतोय, आत्याने ठेवलेले. ते यादीत घातलेले नाहीत.

तुझा,
भाई