तुटलेली प्लेट उशाशी घेऊन लिहिलेलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

मांडीच्या दुसऱ्या ऑपरेशनला आज अकरा दिवस झाले. पडल्या पडल्या लिहितोय, अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घ्यावे.

दीड वर्षापूर्वी आपण सभागृहात शब्द दिला होता : हाड जसं भरत जाईल तसं बदलणारं इम्प्लांट, म्हणजे मोडलेल्या हाडाला आधार द्यायला शरीरात बसवायची वस्तू, इथेच घडवू, सहा महिन्यांत त्याचं संशोधन केंद्र उभं राहील. टाळ्या पडल्या. घरी बसून मीही वाजवल्या. तेव्हा माझी सगळी हाडं धड होती.

पुढे मांडीचं हाड मोडलं, त्यावर स्क्रूंनी आवळलेली धातूची प्लेट बसली. सातव्या महिन्यात पाणी प्यायला उठलो आणि मांडीत टक्कन आवाज झाला. घसरलो नाही, आपटलो नाही, नुसतं पाऊल टाकलं. हाड जुळलंच नव्हतं, आणि त्याच्या वाट्याचा भार वाहून वाहून प्लेट मधोमध तुटली.

ती मी मागून घेतली. औषधाच्या रिकाम्या बरणीत ठेवलीय, हलवली की खुळखुळते. यंत्रशाळेत जन्म घालवलेला माणूस मी, भिंगाखाली धरल्याशिवाय राहवलं नाही. तडा बरोबर मोडाच्या जागच्या, स्क्रू नसलेल्या भोकातून गेलाय आणि तुटल्या कडेवर लाट ओसरल्यावर वाळूत उरतात तशा बारीक रेघा आहेत. धातू थकून तुटला की अशा रेघा दिसतात; एका दणक्यात तुटलेला असा दिसत नाही. म्हणजे प्लेट रोज थोडी थोडी तुटत होती आणि मी रोज थोडा थोडा जास्त चालत होतो. कागदावर लिहिलंच होतं ना, 'हळूहळू भार वाढवा'. चालता माणूस एकेका पायाने वर्षाला दहा लाख पावलं टाकतो म्हणे. आकडा इकडेतिकडे असेल, पण आपल्या खात्याचे आकडे तरी कुठे जुळतात?

डॉक्टरांवर माझा राग नाही. हातात दिलं ते त्यांनी बसवलं. राग त्या वस्तूवर आहे, जी पहिल्या दिवशी जेवढी ताठ तेवढीच दोनशेव्या दिवशीही ताठ. पोलाद हाडापेक्षा सुमारे दहापट ताठ, टायटॅनियम त्याच्या निम्मं. सुरुवातीला ताठपणा हवाच, नाहीतर मोडलेली टोकं हलत राहतात. पण नंतर हाडाला थोडी हालचाल, थोडा भार लागतो, त्याशिवाय मोडाभोवती नवं हाड धरत नाही. हाड भारानुसार स्वतःला घडवतं हे बर्लिनचे सर्जन वुल्फ यांनी १८९२ मध्ये लिहून ठेवलंय. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये डॉक्टर इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात तारा-कड्यांची चौकट पायाबाहेर बसवली, तिचे नट फिरवून डॉक्टर रोज फेरफार करू शकत. हाडात घातलेल्या रॉडचा एखादा स्क्रू काही आठवड्यांनी काढून हाडावर भार सोडतात, तेही जुनंच. पण त्यासाठी माणसाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. मॅग्नेशियमचे शरीरात हळूहळू विरघळून जाणारे स्क्रू निघालेत, शरीराच्या उबेने आवळणाऱ्या निटिनॉल या मिश्रधातूच्या क्लिपा निघाल्यात. मग आधी घट्ट आणि पुढे आपोआप सैल होत जाणारी प्लेट मागणं म्हणजे चंद्र मागणं आहे का?

आपल्याला दोनदा लिहिलं. उत्तर आलं : 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' नोंद कुठे घेतलीत, साहेब? माझी नोंद तर माझ्या मांडीत आहे, वीतभर लांबीची, आता दुसऱ्यांदा उसवलेली. सात महिने एका कुशीवर झोपलो. बायको रात्री दोनदा उठून पायाखालची उशी सरकवायची आणि सकाळी कामावर जायची. तिची नोंद घेतलीत?

आणि संशोधन केंद्र? त्याची कोनशिला मी फोटोत पाहिली. हारासह.

खरं दुखणं त्याहून मोठं आहे. किती प्लेटा तुटतात हे तुम्हाला ठाऊकच नाही, कारण कोणी मोजतच नाही. स्वीडनने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांची नोंदवही १९७५ मध्ये सुरू केली. माझी तुटलेली प्लेट कुठल्याच वहीत नाही. मी मागितली नसती तर कचऱ्यात गेली असती. तुटलेली वस्तू बघायचीच नाही तर नवी कशाच्या जोरावर घडवणार? खरेदी मात्र बिनचूक होते : सर्वांत कमी दर, एकच नमुना, सगळ्यांना सारखा. ऐंशी वर्षांच्या आजीचं पोकळ झालेलं हाड आणि विशीतल्या पोराचं हाड आपल्या निविदेत एकच. समिती नेमायची तर त्यात निदान एक कुबडीवाला घ्या. तो बैठक लांबू देणार नाही, त्याला फार वेळ बसवत नाही.

मागण्या दोनच. तुटलेल्या प्रत्येक प्लेटीची तपासणी आणि नोंद सक्तीची करा. आणि त्या केंद्रात कोनशिलेशेजारी निदान एक चाचणीयंत्र बसवा, प्लेट लाखो वेळा वाकवून बघणारं.

उभं राहता आलं की बरणी घेऊन स्वतः येतो. आपलं दालन तिसऱ्या मजल्यावर आहे असं कळलं. लिफ्ट चालू असते का, तेवढं कळवावे.

आपला,
कुबड्यांवरचा एक मतदार