डॉजचं पुढचं टायर गेलं

उचगाव, रविवार रात्र

बंड्या लेका,

दिवाळीनंतर तुला एक फोन नाही, मेसेजला नुसता अंगठा, कबूल आहे, शिव्या नंतर दे. आधी ऐक. आपल्या डॉजचं, त्या युद्धातल्या जुन्या मिलिटरी गाडीचं, पुढचं डावं टायर फुटलं. मंगळवारी. घरात सांगून उपयोग नाही, बायको म्हणाली "टायरच ना?" म्हणून तुला लिहायला बसलोय.

गाडी कुठं चालली होती म्हणशील तर कुठंच नाही, शेडमध्ये उभी होती. आम्ही जेवत होतो आणि ढाम्म, अप्पांना वाटलं ट्रान्सफॉर्मर गेला. जाऊन बघतो तर चाक रिमवर बसलेलं, बाजूला वीतभर भेग आणि त्यातनं ट्यूब बाहेर आलेली, म्हशीच्या जिभेसारखी. पंक्चरवाला आला, भेगेत बोट घातलं, रबराचा चुरा झाडला आणि म्हणाला, "होत्री अण्णा." म्हणजे गेलं. बास, संपला विषय.

तब्येती सगळ्यांच्या बऱ्या. अप्पांची शुगर वरखाली, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता तिला माझी दाढी दिसते.

तर एक गेलं म्हणजे पाचही गेलीच समज, स्टेपनीसकट. बाकीच्यांना पण बारीक भेगा आहेत, नखानं रबर निघतंय. आणि वैशाखात शिवजयंती. चित्ररथ आपल्याच गाडीवर, मंडळाच्या पोरांनी गृहीतच धरलंय, मला कुणी विचारत पण नाही.

अप्पांचं एकच चाललंय, उसाच्या ट्रॉलीची टायरं टाक. साइज तीच आहे, 9.00-16, कुठल्याही दुकानात मिळतात. सोळा प्लायची, म्हणजे सोळा थरांच्या ताकदीची, मरता मरत नाहीत. मी म्हटलं अप्पा, त्या टायरवर ए-आठ लिहिलेलं असतं, म्हणजे ताशी 40 च्या वर पळवायचं नाही. तर म्हणतात, "पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवल्यापासून ही गाडी चाळीसच्या वर कधी गेली ते सांग." आता यावर काय बोलणार? तू तरी काय बोलला असतास?

पण मला पटत नाही. ट्रॉलीचं चाक ओढलं जातं, ओढत नाही. त्याला नुसत्या सरळ रेघा, पकड कसली? खानापूरच्या बाजूला लाल चिखलात पुढचा ॲक्सल टाकला, म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनचा जोर दिला, तरी चारी चाकं जागच्या जागी फिरत बसतील. आणि डॉज पाऊण टन माल वाहणारी. दहा टन उसासाठी केलेलं टायर तिच्या वजनानं दबणारच नाही, माणूस दगडावर बसल्यासारखा उडेल. चित्ररथाला चालेल म्हणा, तिथं माणसाच्या पावलानं जायचंय. पण वर्षातला एक दिवस चित्ररथ, बाकीचं काय?

बेळगावातला टायरवाला म्हणाला, टाटा चारशे सात ट्रकची टाका, 7.50-16, रिमवर बसतील, रेडियल पण मिळेल. बसतील रे, पण उंचीला तीन-चार इंच कमी. गाडी कशी दिसेल सांगू? धोतर आखूड झालेल्या मामासारखी. शिवाय चाक बारकं म्हणजे तेवढ्याच इंजिनात स्पीड आणखी कमी, मग तर मला बैलगाडी ओव्हरटेक करेल.

मग कोल्हापूरला गेलो. एका भंगारवाल्याकडं मिलिटरी डिस्पोजलचा माल आलाय असं कुणीतरी सांगितलं होतं. पाच टायरं, खोल नक्षी, काळी कुळकुळीत, मला तर एकदम अंगात आलं. पण पॉलिशचा वास येत होता, म्हणून रुमालानं पुसून टायर कधी बनलं तो आकडा हुडकला. तीन आकडे. 2000 पासून चार आकडे येतात ना, आठवडा आणि वर्ष, तीन म्हणजे त्याच्या आधीचं टायर! मी म्हटलं, दादा, ही आपल्या शेडमधल्यांची थोरली भावंडं. तो म्हणाला, "नक्षी बघा की." नक्षी काय, आपल्या शेडमधलीची पण छान आहे.

दोन जुनी ठेवून दोनच नवी घ्यावीत असं एकदा मनात आलं. पण तुझा पराक्रम आठवला. विसरलास काय? मागं ट्रॉलीची चढवलीस, पुढं जुनीच ठेवलीस, आणि किल्ल्यापासून गोवावेसपर्यंत डांबरावर पुढचा ॲक्सल टाकून गेलास, शान मारायला. मग त्या ॲक्सलचा लिव्हर निघेना. लोक जमले, तू लाथा घालतोयस, शेवटी तुझ्या बाबांनी येऊन नुसती गाडी रिव्हर्सला घेतली, खट्कन सुटला. पुढच्या-मागच्या चाकांचा घेर सारखा नसला की गिअरात ताण साठतो, हे आधी मीच सांगितलं होतं, आणि तू आजतागायत कबूल केलेलं नाहीस. आता कर. काल मी टायरवर खडूची खूण करून एक फेरी फरशीवर ढकललं, टेपनं मोजलं. जुन्या जुन्यांतच दोन बोटांचा फरक निघाला.

आणि डाव्या चाकाचे स्टड, म्हणजे नट बसतात ते बोल्ट, तू तोडलेस, मी नाही. डावीकडचे नट उलट्या आट्याचे असतात, स्टडच्या टोकावर एल कोरलेला आहे, पान्याला पाइप लावून वर उभा राहिलास तू. अप्पांचा मार मात्र मी खाल्ला.

आता खरं काम सांगतो. तुझ्या पुण्यात एका जुन्या गाड्यांच्या माणसाकडं पाच नवी टायरं आहेत, परदेशातनं मागवलेली, असली युद्धातली एनडीटी नक्षी, म्हणजे नॉन-डायरेक्शनल ट्रेड, पुढं-मागं सारखी पकडणारी. जोडीचा दर ऐकून मी आधी फोनच ठेवला. मग परत लावला. तो आकडे सांगायला टाळतोय. तू जाऊन बघ. चार आकडे वाच, पाचही टायरं एकाच वर्षाची आहेत का बघ, कडेच्या तारेवर गंज आहे का बघ, फ्लॅप, म्हणजे ट्यूब आणि रिमच्या मधली रबराची पट्टी, देतोय का विचार. पत्ता मेसेज करतो.

जुनी काढायचं मीच करणार, पंक्चरवाल्याला हात लावू देणार नाही. हवा पूर्ण गेल्याशिवाय रिमच्या नटांना पाना लावायचा नाही, तुझे बाबा ओरडून सांगायचे ते अजून कानात आहे. दोन भागांचं रिम, हवा असताना सुटलं तर माणूस उरत नाही. काकूंना नमस्कार सांग. तुझं प्रमोशन झालं म्हणे, छान, पार्टी राहिली. धाकटीला दहावीला किती पडले ते पण लिही, मी विचारायचं विसरतोच.

एक राहिलं. स्टेपनी उतरवून बघितली. आतल्या बाजूला आपण खिळ्यानं कोरलेली दोघांची नावं अजून आहेत, तुझ्यातला 'ड' उलटा. ते टायर टाकू का ठेवू? अप्पा म्हणतात कापून म्हशीला दावणीला घालू.

शनिवारी ट्रॉलीवाल्याला हो-नाही सांगायचंय. त्याच्या आत फोन कर, रात्री नऊनंतर, आधी अप्पा बातम्या बघतात.

तुझा,
बाळू