सदोष पॉटिंग मिक्समुळे जुने ब्रह्मकमळ मेल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

विषय : आपल्या तयार पॉटिंग मिक्समधील क्षारांमुळे १९९० पासून जोपासलेले ब्रह्मकमळ मेल्याबाबत

महोदय / महोदया,

मी यंदाच्या मे महिन्यात आपल्या संकेतस्थळावरून 'कॅक्टस व सक्युलंट' या प्रकारातील तयार पॉटिंग मिक्सच्या दोन पिशव्या मागवल्या आणि पावसाळ्यापूर्वी माझ्या गॅलरीतील ब्रह्मकमळाची कुंडी त्याच मिश्रणाने भरली. जुलै संपण्यापूर्वीच ते झाड मुळापासून गेले. त्यास आपले मिश्रणच कारणीभूत आहे, असे म्हणण्यास माझ्याकडे आधार आहे. आपल्या ग्राहक सेवा प्रतिनिधींशी झालेल्या संवादातून काहीच निष्पन्न न झाल्यामुळे ही लेखी तक्रार करीत आहे.

हे झाड माझ्या सासूबाईंनी गिरगावातील चाळ सोडताना एका पानाच्या रूपाने डोंबिवलीला आणले होते. तेव्हापासून ते आमच्या पूर्वेकडच्या गॅलरीत, थेट ऊन लागणार नाही अशा कोपऱ्यात वाढले. त्याचा बुंधा लाकडासारखा टणक झाला होता आणि फांद्या ग्रिलला बांधून घ्याव्या लागत. दर पावसाळ्यात पानांच्या कडेच्या खाचांतून कळ्या धरत. आधी त्या खाली लोंबत आणि फुलण्याच्या सुमारास देठ वळून कळी मान वर उचलत असे. त्या खुणेवरून आज रात्री फूल उमलणार हे सासूबाई सकाळीच सांगत, आणि रात्री नऊनंतर शेजारपाजारचे लोक पाहायला येत. सासूबाई गेल्यानंतरही हा परिपाठ चालू होता. एका रात्रीत डझनभर फुले देणारे झाड तयार व्हायला किती वर्षे जातात, हे झाडांचा व्यवसाय करणाऱ्या कंपनीस मी सांगण्याची गरज नाही.

कुंडीतील माती घट्ट होऊन पाणी वरच साचू लागल्याने ती बदलणे आवश्यक होते. घरी माती, वाळू आणि गांडूळखत मिसळण्याऐवजी आपले मिश्रण घेतले, कारण पिशवीवर 'धुतलेले, लो ईसी कोकोपीट' (म्हणजे क्षार कमी असलेला नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि 'थेट कुंडीत वापरा, काहीही मिसळण्याची गरज नाही' असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. त्या सूचनेप्रमाणेच मी ते वापरले. वापरण्यापूर्वी मिश्रण पाण्याने धुऊन घ्यावे, असे पिशवीवर कुठेही लिहिलेले नाही.

सुरुवातीस पानांच्या कडा तपकिरी होऊन कागदासारख्या वाळू लागल्या. पुढे पाने सुरकुतली आणि मऊ पडून लोंबू लागली, जणू झाडास पाणीच मिळत नव्हते; प्रत्यक्षात बोट खुपसून पाहिले असता मिश्रण ओलसर होते. मातीच्या कुंडीच्या बाहेरील बाजूस आणि काठावर पांढरी पूड जमली होती व ती जिभेला खारट लागत होती. अखेर झाड बाहेर काढले तेव्हा बारीक मुळे काळी पडून हाताला सुटून येत होती आणि इतकी वर्षे टणक असलेला बुंधा तळाशी पिचपिचीत झाला होता. ही सर्व छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

निव्वळ संशयावरून तक्रार करणे मला योग्य वाटले नाही, म्हणून उरलेल्या मिश्रणाची घरी करता येईल तेवढी तपासणी केली. एका डब्यात आपले मिश्रण आणि दुसऱ्या डब्यात गॅलरीतील जुनी माती घेऊन दोन्हींत एकाच पुडीतील मेथी पेरली आणि सारखेच पाणी दिले. जुन्या मातीत मेथी नेहमीप्रमाणे दाट उगवली. आपल्या मिश्रणात मात्र मोजके दाणे रुजले आणि तीही रोपे टोकाकडून करपून आडवी झाली. आमच्या सोसायटीत हायड्रोपोनिक पद्धतीने, म्हणजे मातीविना पाण्यात, पालेभाजी करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी मिश्रण शुद्ध पाण्यात भिजवून गाळलेल्या पाण्याची ईसी, म्हणजे पाण्यातील क्षारांचे प्रमाण दाखवणारी विद्युतवाहकता, मोजली असता आकडा ३ मिलिसिमेन्स प्रति सेंटीमीटरच्या वर गेला. धुतलेल्या चांगल्या कोकोपीटमध्ये तो १ पेक्षा कमी असावा, अशी अपेक्षा असते. घरगुती मीटरचे मोजमाप प्रयोगशाळेइतके काटेकोर नसते हे मान्य केले, तरी एवढा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

कोकोपीट नारळाच्या सोडणापासून तयार होते. किनारपट्टीवर ही सोडणे बऱ्याचदा खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात भिजत ठेवली जातात; शिवाय त्यांत मुळातच पोटॅशियमचे क्षार असतात. म्हणून कोकोपीट गोड्या पाण्याने वारंवार धुवावे लागते, आणि त्यास चिकटून राहिलेले सोडियम व पोटॅशियम निघावे यासाठी कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून पुन्हा धुवावे लागते. हे केले नाही, तर कुंडीतील पाणी इतके खारट होते की मुळांना ते ओढून घेता येत नाही, आणि झाड ओल्या मिश्रणात उभे असूनही तहानेने मरते. माझ्या झाडाचे नेमके हेच झाले.

आपल्या पहिल्या प्रतिनिधींनी छायाचित्रे न पाहताच 'जास्त पाणी घातल्याने मूळ कुजले' असे कळवले. जास्त पाण्याने मूळ कुजते हे खरे, परंतु त्याने कुंडीवर खारट पूड जमत नाही आणि मेथीची टोकेही करपत नाहीत. दुसऱ्या प्रतिनिधींनी, ब्रह्मकमळ हे हिमालयात उंचावर येणारे झाड असल्याने मुंबईच्या परिसरात ते टिकत नाही, असा खुलासा पाठवला. उत्तराखंडचे राज्यफूल असलेले ते ब्रह्मकमळ, सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा, पूर्णपणे वेगळे आहे. महाराष्ट्रात घरोघरी कुंडीत लावले जाते ते एपिफायलम ऑक्सिपेटॅलम असून ते मेक्सिको व मध्य अमेरिकेतील उष्ण जंगलांत झाडांच्या आधाराने वाढणारे, निवडुंगाच्या कुळातील झाड आहे. आमच्याकडे ते इतकी वर्षे टिकले आणि फुलले, हे मी आधीच कळवले होते. ज्या झाडासाठी आपण मिश्रण विकता, त्याची एवढी तरी ओळख आपल्या माणसांना असावी.

त्यानंतर आपण ४९९ रुपयांपर्यंतचे कोणतेही रोप मोफत घेण्याचे कूपन पाठवलेत. ते मी वापरलेले नाही आणि वापरणार नाही. माझ्या नणंदेकडे याच झाडाच्या पानापासून वाढलेले एक रोप आहे. त्याचे पान आणून मी ते लावीनच. मात्र पान लावता येते म्हणून जुन्या झाडाचे मोल शून्य ठरत नाही. सासूबाईंनी लावलेला तो बुंधा आमच्या घरी पुन्हा येणार नाही, आणि कूपन देऊन हा विषय मिटला असे आपण धरून चालणे मला अत्यंत अपमानास्पद वाटले.

माझे मुख्य म्हणणे पुढील आहे. याच खेपेच्या पिशव्या इतरही अनेकांनी घेतल्या असतील, आणि त्यांची झाडे वाळली तर ते स्वतःच्या हाताला दोष देत बसतील. म्हणून आपण या खेपेची विक्री तातडीने थांबवावी, ती विकत घेतलेल्या सर्व ग्राहकांना मिश्रण वापरू नये असे कळवावे, आणि यापुढे प्रत्येक पिशवीवर खेपेचा क्रमांक व त्या खेपेची मोजलेली ईसी छापावी. सध्याच्या पिशवीवर खेपेचा क्रमांकच नाही. माझ्यापुरते म्हणाल, तर दोन्ही पिशव्यांची किंमत परत करावी आणि झाडाच्या नुकसानीची जबाबदारी लेखी स्वीकारावी. नुकसानभरपाईची रक्कम आपण किती गांभीर्याने उत्तर देता ते पाहून ठरवीन.

ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि ती एका महिन्यात निकाली काढणे आपणास बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील उत्पादन दायित्वाच्या तरतुदींनुसार वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा न दिल्याने झालेल्या हानीची जबाबदारीही उत्पादकावर येते, आणि ग्राहकाच्या इतर मालमत्तेचे नुकसान त्या हानीत मोडते. मुदतीत समाधानकारक उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. याच कायद्याच्या कलम ३८ नुसार आयोगास नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवता येतो.

दुसऱ्या पिशवीतील जवळपास निम्मे मिश्रण मी तोंड बांधून कोरड्या जागी ठेवले आहे. आपणास तपासणी करावयाची असल्यास प्रतिनिधी पाठवावा. माझ्यासमोर दोन नमुने काढावेत आणि त्यांपैकी एक माझ्याकडे ठेवावा.

आपली,
तक्रारदार ग्राहक,
डोंबिवली (पूर्व)

सोबत : खरेदीची पावती, पिशवीच्या दोन्ही बाजूंची, झाडाची व मेथीच्या डब्यांची छायाचित्रे, प्रतिनिधींशी झालेल्या संवादाची प्रत