स्पॉटरचा टॅग नीट बांधणाऱ्या हातांस

डिसेक्शन हॉलच्या तंत्रज्ञांस,
सप्रेम नमस्कार.

प्रात्यक्षिक परीक्षा पार पडली की परीक्षकांचे आभार मानले जातात. पण शरीररचनाशास्त्राची स्पॉटर परीक्षा (टेबलाटेबलावर, म्हणजे ‘स्टेशन’वर, मांडलेल्या नमुन्यांवर खूण केलेला भाग ठरावीक वेळात ओळखण्याची) न्याय्य ठरते की नाही, हे बरंचसं घंटा वाजण्याआधीच ठरलेलं असतं. ते काम तुमचं, म्हणून पत्रही तुम्हाला.

आधी टॅगबद्दल. मानेतली फ्रेनिक नर्व्ह (श्वासपटलाकडे जाणारा मज्जातंतू) ओळखायला द्यायची, तर ती स्केलीनस अँटिरिअर या स्नायूवरून तिरकी उतरताना दिसायला हवी. ती खूण गेली की उरतो नुसता पांढरट दोरा. तुम्ही गाठ सैल ठेवता आणि टॅगचं वजन नर्व्हवर न येता बाजूला टेकेल इतका दोरा सोडता. आवळून बांधलेला टॅग लोंबकळला की नर्व्ह स्नायूवरून घसरते. ती कॅरोटिड शीथच्या (मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या वेष्टनाच्या) जवळ पोचली, तर नीट अभ्यास केलेला विद्यार्थीही त्या वेष्टनातली व्हेगस नर्व्ह लिहितो, आणि त्याला चूक तरी कसं म्हणायचं?

पिनचं दुखणं निराळं. अग्रबाहूत ती जरा खोल गेली की फ्लेक्सर डिजिटोरम सुपरफिशिॲलिस या स्नायूमधून थेट त्याखालच्या प्रोफंडसमध्ये रुतते. मग विचारलंय कशाबद्दल? अशा जागी तुम्ही पिन टाळून स्नायूभोवती रंगीत दोरा घालता. कवटीच्या तळाशी फोरॅमेन ओव्हॅले आणि स्पायनोसम ही छिद्रं इतकी शेजारी असतात की कागदी बाण दोन्हींकडेही दाखवतो. तिथे तुमची आरपार ओवलेली तार संशयाला जागाच ठेवत नाही.

नमुने निवडतानाही तुमची नजर आम्हाला सावरते. मस्क्युलोक्युटेनिअस नर्व्ह कोराकोब्रॅकिॲलिस स्नायूला नेहमीसारखी न भेदता खाली गेलेली असेल, किंवा ब्रॅकिअल धमनी दंडातच दुभंगलेली असेल, तर तो हात तुम्ही परीक्षेतून काढून शिकवणीच्या टेबलावर ठेवता. योग्यच आहे. असे भेद विद्यार्थ्यांनी पाहायलाच हवेत, पण नव्वद सेकंदांच्या स्टेशनवर नव्हे.

या सगळ्याच्या मुळाशी एम्बामिंग, म्हणजे मृतदेह टिकावा म्हणून त्यात द्रावण भरणं, आहे. मांडीतल्या फिमोरल धमनीतून द्रावण सावकाश सोडावं लागतं. दाब वाढवला तर चेहरा सुजतो, बारीक रक्तवाहिन्या फुटतात. रक्ताची गुठळी अडकली की एखाद्या अवयवात द्रावण पोचतच नाही, आणि तिथे सुईने वेगळं भरावं लागतं. १० टक्के फॉर्मॅलिन म्हणजे सुमारे ४ टक्के फॉर्मॅल्डिहाइड, हा फरक विसरून द्रावण कडक केलं की स्नायू लाकडासारखे ताठ होतात आणि त्यांचे थर सुटे होत नाहीत. ग्लिसरीनने ऊतक लवचीक राहतं, फिनॉलने बुरशी रोखली जाते. बोटं आणि कान सगळ्यात आधी सुकतात, त्यांच्यावरचं ओलं फडकं तुम्ही कधी विसरत नाही.

परीक्षेच्या दिवशीचा हिशेबही तुमच्याच डोक्यात असतो. २५ स्टेशनं, प्रत्येकी ९० सेकंद, म्हणजे एका तुकडीला साडेसदतीस मिनिटं. १५० विद्यार्थ्यांच्या सहा तुकड्या, म्हणजे मधला वेळ सोडून पावणेचार तास. तेवढ्यात नमुना कोरडा पडतो, आणि ‘हात लावू नये’ लिहिलेलं असूनही कोणीतरी चिमट्याने ब्रॅकिअल प्लेक्सस (हाताच्या नर्व्हचं जाळं) ओढतोच! म्हणून सुरुवातीला आणि प्रत्येक तुकडीनंतर तुम्ही वेळेसह फोटो काढता.

निकालाचं विश्लेषण करताना ते फोटो किती कामाला येतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. एकूण गुणांत वरच्या २७ टक्के विद्यार्थ्यांपेक्षा खालच्या २७ टक्क्यांनी एखादं उत्तर जास्त बरोबर दिलं, तर भेददर्शक निर्देशांक (प्रश्न चांगले आणि कच्चे विद्यार्थी किती वेगळे करतो याचं माप) उणा येतो. तेव्हा विद्यार्थ्यांना बोल लावण्याआधी उत्तरसूची आणि टॅग तपासावा लागतो. तुकडीवार आकडे मांडले आणि पहिल्या तीन तुकड्या बरोबर, पुढच्या चुकलेल्या दिसल्या, तर टॅग कधी सरकला हे फोटो सांगतो. मग ते स्टेशन सगळ्यांसाठीच रद्द करता येतं.

प्रश्नांबाबतची तुमची टोचणीही आम्हाला लागू पडली. ‘नमुना झाकला तरी उत्तर येतंय की!’ हा तुमचा शेरा अनेक प्रश्नांना पुरेसा असतो. ‘अल्नर नर्व्ह कोणत्या स्नायूंना जाते’ हे लेखी परीक्षेत विचारावं. स्पॉटरला ‘टॅग लावलेली नर्व्ह याच पातळीवर कापली गेली तर कोणती हालचाल जाईल’ असं विचारलं, तर पाहिल्यावाचून सुटका नाही.

एक मागणंही आहे. नव्या सहायकांसाठी तुमची टिपणं लिहून काढा. सुरुवात गुडघ्यापासून केलीत तर बरं: सुट्या नमुन्यात टिबिअल ट्युबेरॉसिटी (नडगीच्या हाडावरचा पुढचा उंचवटा) दिसेल इतकी टिबिया (नडगीचं हाड) ठेवायला ते विसरतात, आणि पुढची बाजूच कळली नाही की अँटिरिअर आणि पोस्टिरिअर क्रुशिएट या गुडघ्यातल्या अस्थिबंधांची हमखास अदलाबदल होते.

आपले ऋणी,
शरीररचनाशास्त्र विभागातील शिक्षक